व्हॅलोरंट आणि सीएस२ मध्ये फ्रेम्स पडतात? आधी कुठे अडतंय ते शोधा

'सगळी सेटिंग्ज लो कर' हा सल्ला कोणीही देतं. तो पाळूनही साइटवर (बॉम्ब लावायच्या जागी) दोन स्मोक आणि एक मॉली (आगीचा ग्रेनेड) पडली की गेम अडखळतो, माऊस जड होतो, आणि कोपऱ्यातला एफपीएसचा (सेकंदाला किती फ्रेम्स, त्याचा) आकडा मात्र लगेच पुन्हा १४०वर जाऊन निवांत बसतो. खरं सांगायचं तर व्हॅलोरंट आणि सीएस२ (काउंटर-स्ट्राइक २) या दोन शूटिंग गेमच्या ग्राफिक्स मेनूत फिरवण्यासारखं फारसं नाहीच. बरेचदा घोडं अडतं ते मेनूच्या बाहेर: रॅमची एकच स्टिक, भलताच चार्जर, धुळीने भरलेला पंखा, ६० हर्ट्झवर राहिलेला मॉनिटर. म्हणून आधी मोजायचं, मग कोण अडवतंय ते ठरवायचं, आणि सेटिंग्जना हात सगळ्यात शेवटी लावायचा.

इथे डोळ्यासमोर आहे तो कॉलेजच्या मुलांकडे सर्रास दिसणारा लॅपटॉप: चार किंवा सहा कोअरचा प्रोसेसर, ४ जीबीचं जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी रॅमची एकच स्टिक आणि १४४ हर्ट्झचा स्क्रीन. डेस्कटॉपवाल्यांना चार्जरचा भाग सोडून बाकी बहुतेक सगळं लागू पडतं.

मोजायचं काय आणि कुठे

सरासरी एफपीएस हा आकडा फसवा आहे. डोळ्याला आणि हाताला जाणवतो तो फ्रेमटाइम, म्हणजे एक फ्रेम तयार व्हायला लागलेला वेळ. ६० एफपीएसला तो १६.७ मिलिसेकंद असतो, १४४ला ६.९ आणि २४०ला ४.२. एका सेकंदात १३९ फ्रेम वेळेवर आल्या आणि एक ४० मिलिसेकंद अडकली, तरी सरासरी जवळपास तशीच राहते. नेमका त्याच वेळी समोरचा पीक करतो, म्हणजे आडोशातून डोकावतो. म्हणून 'एक टक्का लो' बघा, म्हणजे सगळ्यात संथ एक टक्का फ्रेम्सचा वेग. सरासरी १४४ पण लो ४५ असलेलं मशिन, ९०वर स्थिर चालणाऱ्या मशिनपेक्षा हाताला वाईट लागतं.

आकडे दिसण्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर टाकायची गरज नाही. एनव्हिडियाचं ॲप असेल तर ऑल्ट आणि आर दाबा. एफपीएस, लो, जीपीयूचा (ग्राफिक्स कार्डचा) वापर आणि लेटन्सी (क्लिकनंतर होणारा उशीर) एकत्र दिसतात. एएमडीच्या ॲड्रेनलिनमध्ये त्यासाठी कंट्रोल, शिफ्ट आणि ओ आहे. व्हॅलोरंटमध्ये व्हिडिओच्या टॅबखाली स्टॅट्स आहे, तिथे क्लायंट एफपीएस आणि पॅकेट लॉस (इंटरनेटवर वाटेत हरवलेला डेटा) 'ग्राफ'वर ठेवा. ग्राफमध्ये उंच टोकं दिसतात, नुसत्या आकड्यात ती हरवतात. सीएस२ मध्ये गेमच्या टॅबमधल्या टेलिमेट्रीत फ्रेमटाइम कायम दाखवायचा पर्याय आहे.

पॅकेट लॉस सोबत लावायला सांगण्याचं कारण आहे. 'लॅग मारतोय' हे आपण दोन वेगळ्याच गोष्टींना म्हणतो. तुमचं पात्र पुढे जाऊन मागे खेचलं गेलं, मारलेली गोळी लागली नाही, समोरचा उड्या मारत सरकला, तर ते इंटरनेट आहे. ग्राफिक्स कितीही खाली आणलीत तरी सुटणार नाही. दोन्ही गेमचे सर्व्हर मुंबईत आहेत, त्यामुळे महाराष्ट्रातून पिंग खूप जास्त येत असेल तर आधी गेममध्ये निवडलेला सर्व्हर तपासा, मग वायफाय सोडून केबल लावून बघा. सगळं चित्रच थबकलं, माऊस फिरवला तरी दृश्य उशिरा फिरलं, तर ती फ्रेम्सची गोष्ट आणि हा लेख त्याबद्दल.

मोजताना सरावाच्या रिकाम्या रेंजमध्ये उभं राहू नका. तिथे येणारा ३०० एफपीएस काहीही सांगत नाही. सीएस२ मध्ये भरलेला डेथमॅच घ्या आणि एन्शंट या मॅपच्या पाण्याजवळ किंवा स्मोकच्या कडेला उभे राहून आकडा वाचा. धूर आणि पाणी जीपीयूला सगळ्यात महाग पडतात. व्हॅलोरंटच्या डेथमॅचमध्ये ॲबिलिटीज (पात्रांच्या खास शक्ती) नसतात, म्हणून तिथे स्विफ्टप्ले या छोट्या मॅचच्या मोडमधला एखादा राउंड जास्त खरा. एका वेळी एकच सेटिंग बदला. आणि गेमचा किंवा ड्रायव्हरचा अपडेट आल्यानंतरची पहिली मॅच मोजमापात धरूच नका, कारण तेव्हा शेडर (चित्र कसं काढायचं ते कार्डला सांगणारे छोटे प्रोग्रॅम) नव्याने तयार होत असतात आणि प्रत्येक नव्या इफेक्टला एक झटका बसतो. तो झटका सेटिंगने जात नाही, एकदोन मॅच खेळल्या की आपोआप जातो. व्हॅलोरंट २०२५ मध्ये अनरिअल इंजिन ५वर गेला, त्यामुळे त्याआधीच्या व्हिडिओंतले आकडे समोर ठेवून स्वतःच्या मशिनला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

सीपीयू अडवतोय की जीपीयू

प्रत्येक फ्रेमसाठी प्रोसेसर हिशोब करतो (कोण कुठे आहे, गोळी कुठे गेली, काय काय काढायचंय) आणि ग्राफिक्स कार्ड ते काढतं. एक पोळ्या लाटतोय आणि दुसरा भाजतोय असं समजा: लाटणारा मागे पडला तर तवा कितीही मोठा आणला तरी ताटात पोळ्या तेवढ्याच पडणार.

चाचणी पाच मिनिटांची आहे. नेहमीच्या १९२० गुणिले १०८० वर एका ठरावीक जागी एफपीएस वाचा. मग रिझोल्यूशन १२८० गुणिले ७२० करा. पहिल्यात सुमारे २० लाख ७४ हजार पिक्सेल असतात, दुसऱ्यात ९ लाख २२ हजार. म्हणजे जीपीयूचं काम निम्म्याहून कमी झालं. समजा आकडा ११०वरून १७०वर गेला, तर जीपीयू अडवत होता आणि पुढची ग्राफिक्स सेटिंग्ज तुमच्या कामाची आहेत. ११०वरून ११४वर गेला, तर प्रोसेसर किंवा रॅम अडवतेय. अशा मशिनवर टेक्सचर, अँटी-अलायझिंग (कडा गुळगुळीत करणं) वगैरे लो करून काहीही मिळत नाही, फक्त चित्र खराब होतं. जीपीयूचा वापर खेळताना ९५ टक्क्यांच्या वर टिकून असेल तर तीच खूण. ५०-६०वर घुटमळत असेल आणि फ्रेम कॅप (एफपीएसवर घातलेली मर्यादा) लावलेला नसेल तर प्रोसेसरकडे बघा.

टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू ३५ टक्के दिसतो म्हणून तो मोकळा आहे असं समजू नका. तो आकडा सगळ्या थ्रेड्सची (प्रोसेसर एकाच वेळी चालवू शकतो त्या कामांच्या रांगांची) सरासरी असतो. बारा थ्रेडच्या प्रोसेसरवर गेमचा मुख्य थ्रेड एका कोअरला पिळून काढत असताना बाकीचे हातावर हात ठेवून बसलेले असतात. सीपीयूच्या आलेखावर राइट क्लिक करून 'लॉजिकल प्रोसेसर्स' दाखवा, मग एखादी चौकट भरलेली दिसेल.

व्हॅलोरंट बहुतेक वेळा प्रोसेसरवर अडतो, अगदी १६५०वरही. सीएस२ मध्ये चित्र मिश्र असतं: मोकळ्या जागेत प्रोसेसर, धुरात जीपीयू. त्यामुळे दोन गेमना एकच 'बेस्ट सेटिंग्ज' लावणाऱ्या याद्या बाजूला ठेवलेल्या बऱ्या.

गेम उघडायच्या आधी

सगळ्यात आधी मॉनिटर. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन रिफ्रेश रेट (स्क्रीनवरचं चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं तो आकडा) बघा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर नवीन केबल लावल्यावर किंवा विंडोज पुन्हा टाकल्यावर ६०वर बसलेला असणं ही फार नेहमीची गोष्ट आहे. जुन्या एचडीएमआय पोर्टवर वरचा रेट यादीत दिसतच नाही. तिथे डिस्प्लेपोर्टची केबल वापरा. डेस्कटॉपवर केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावली असेल तर ती ग्राफिक्स कार्डच्या पोर्टला लावा. हसू नका, हे होतं.

लॅपटॉपवर दुसरा प्रश्न विजेचा. बॅटरीवर खेळू नका; बॅटरीवर जीपीयूला वीज कमी मिळते आणि एनव्हिडियाचा बॅटरी बूस्ट फ्रेम्सना आणखी खाली बांधतो. व्हॅलोरंटमध्येही बॅटरीवर एफपीएस मर्यादित करणारा वेगळा पर्याय आहे, तो तपासा. चार्जर मूळचाच हवा. गेमिंग लॅपटॉपसोबत बहुधा १५० किंवा १८० वॉटच्या आसपासचा ॲडाप्टर येतो. तो हॉस्टेलवर विसरून ६५ वॉटचा टाइप-सी चार्जर लावला तर चार्जिंगचं चिन्ह दिसतं, गेमही चालू होतो, पण जोर लागला की बॅटरी उतरायला लागते आणि घड्याळगती (क्लॉक स्पीड) पडते. मग विंडोजचा पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स' करा आणि लॅपटॉप कंपनीच्या स्वतःच्या ॲपमधला मोडही वरचा ठेवा. दोन्ही वेगळे आहेत, आणि खरी वॉटेज कंपनीचं ॲप ठरवतं.

सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे गेमची फाइल जोडून 'हाय परफॉर्मन्स' निवडा, नाहीतर गेम प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्सवर सुरू होऊ शकतो. लॅपटॉपमध्ये मक्स स्विच असेल तर तो 'डिस्क्रीट'वर टाका. त्याशिवाय कार्डने काढलेली प्रत्येक फ्रेम अंगभूत ग्राफिक्समधून स्क्रीनवर जाते आणि थोडी गती त्या वळशात जाते.

आता रॅम. या किमतीच्या लॅपटॉपमध्ये सगळ्यात मोठा फरक इथे पडतो, म्हणून जरा सविस्तर. टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी इथे 'स्लॉट्स यूज्ड' बघा. दोनपैकी एक असं लिहिलेलं असेल तर रॅम सिंगल चॅनेलवर चालतेय. डीडीआर४-३२०० ची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी डेटा देऊ शकते, दोन स्टिक ५१.२. प्रोसेसरवर अडलेल्या गेममध्ये दुसरी स्टिक टाकल्यावर सरासरीपेक्षाही लो जास्त सुधारतो, म्हणजे ते झटके कमी होतात. अंगभूत ग्राफिक्सवर खेळणाऱ्यांना तर याहून चांगला खर्च नाही, कारण तिथे ग्राफिक्सची मेमरीही हीच रॅम असते. शिवाय सीएस२ची किमान गरजच ८ जीबी आहे. त्यावर क्रोम आणि डिस्कॉर्ड उघडे असले की विंडोज रॅममधला माल डिस्कवर टाकायला लागतं आणि गेम मध्येच श्वास रोखल्यासारखा थांबतो.

दुसरी स्टिक घेताना आधीच्या स्टिकवरचं लेबल वाचा: डीडीआर४ की डीडीआर५, वेग किती, क्षमता किती. लॅपटॉपसाठी सोडिम लागते, डेस्कटॉपची लांब स्टिक बसत नाही. क्षमता सारखी असलेली उत्तम. वेग वेगळा असेल तर दोन्ही कमी वेगावर चालतील. काही लॅपटॉपमध्ये एक रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असते आणि स्लॉट एकच असतो, तिथे तो रिकामा आहे का ते आधी बघा. बसवताना चार्जर काढा, लॅपटॉप पूर्ण बंद करा, खालचं झाकण उघडल्यावर बॅटरीची पिन सोडवा. स्टिक तिरकी धरून खाचेत पूर्ण आत सरकवायची, सोनेरी कडा जेमतेम दिसेल इतकी, आणि मग खाली दाबायची. दोन्ही बाजूच्या क्लिप टक्क करून बसल्या पाहिजेत. चालू केल्यावर स्क्रीन काळी राहिली तर दहापैकी नऊ वेळा स्टिक अर्धवट बसलेली असते, रॅम खराब नसते. वॉरंटी चालू असेल तर झाकण उघडण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

डेस्कटॉपवर दोन स्टिक असूनही बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅमला तिच्या छापील वेगावर चालवणारं प्रोफाइल) चालू केलेलं नसतं, आणि ३२००ची रॅम २१३३ किंवा २६६६वर रखडत असते. टास्क मॅनेजरमध्ये 'स्पीड' बघा. बायोसमध्ये प्रोफाइल चालू करा; त्यानंतर मशिन वारंवार बंद पडायला लागलं तर वेग एक पायरी खाली आणा.

मागे चालणाऱ्या गोष्टींत विंडोजचं बॅकग्राउंड रेकॉर्डिंग बंद करा, गेम मोड चालू राहू द्या, हलणारे वॉलपेपर काढा. ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालू ठेवून खेळायची सवय असेल तर कमजोर जीपीयूवर तो व्हिडिओही त्याच ताटात जेवतो.

ड्रायव्हरचं पॅनेल

इथे वेळ घालवू नका. एनव्हिडियाच्या थ्रीडी सेटिंग्जमध्ये पॉवर मॅनेजमेंट 'प्रीफर मॅक्सिमम परफॉर्मन्स' करा, पण ग्लोबल नाही, फक्त त्या गेमच्या प्रोफाइलमध्ये. ग्लोबल केलंत तर गेम चालू नसतानाही कार्ड तापतं. टेक्सचर फिल्टरिंग 'हाय परफॉर्मन्स' आणि शेडर कॅशचा आकार १० जीबी ठेवा. लो लेटन्सी मोडला हात लावायचं कारण नाही, दोन्ही गेममध्ये रिफ्लेक्स (एनव्हिडियाचा लेटन्सी कमी करणारा पर्याय) आहे आणि तोच पुरतो.

एएमडीवाल्यांनी रॅडिऑन चिल बंद असल्याची खात्री करावी, तो मुद्दाम फ्रेम्स खाली आणतो. अँटी-लॅगची (एएमडीच्या लेटन्सी कमी करणाऱ्या पर्यायाची) एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी: ऑक्टोबर २०२३ मध्ये अँटी-लॅग प्लस हे फीचर सीएस२च्या फाइलींत ढवळाढवळ करतं म्हणून खेळणाऱ्यांवर व्हॅकच्या (चीटिंग पकडणाऱ्या यंत्रणेच्या) बॅन आल्या, आणि एएमडीला ते मागे घ्यावं लागलं. नंतर आलेला अँटी-लॅग २ गेमच्या आतूनच चालतो, तो वापरायला हरकत नाही.

सीएस२

रिझोल्यूशनपासून सुरुवात करा, कारण जीपीयूवर अडलेल्या मशिनला त्याहून मोठा उपाय नाही. १६०० गुणिले ९०० वर सुमारे ३० टक्के पिक्सेल कमी होतात आणि चित्र अजून बघण्यासारखं राहतं. १२८० गुणिले ९६० स्ट्रेच्ड वर ४० टक्क्यांहून थोडे अधिक कमी होतात आणि माणसं रुंद दिसतात, म्हणून बरेच प्रो ते वापरतात. पण त्याची किंमत आहे: १६:९ला आडवं दृश्य सुमारे १०६ अंशांचं असतं, ४:३ला ९०. बाजूने येणारा माणूस तुम्हाला दिसतच नाही. डिस्प्ले मोड 'फुलस्क्रीन' ठेवा.

बूस्ट प्लेअर कॉन्ट्रास्ट चालू. मल्टिसॅम्पलिंग (अँटी-अलायझिंगचाच प्रकार): १६५०वर २एक्स, कमी पडलं तर सीएमएए२, जे स्वस्तात बऱ्यापैकी काम करतं. पूर्ण बंद केलंत तर लांबची कड करवतीसारखी दिसते आणि डस्ट२ मॅपच्या लाँग या लांब वाटेवर डोकं आणि खांब यांत फरक कळत नाही.

सावल्या हा इथला खरा वादाचा विषय. ग्लोबल शॅडो क्वालिटी सरसकट लो करायचा मोह होतो, पण सीएस२ मध्ये कोपऱ्याआडच्या माणसाची सावली आधी पोचते आणि ती माहिती आहे. डायनॅमिक शॅडोज 'ऑल' ठेवा, ग्लोबल शॅडो मीडियमवर आणा. फ्रेम्स दुसरीकडून वाचवा: शेडर डिटेल लो, पार्टिकल डिटेल लो, ॲम्बियंट ऑक्लूजन बंद, हाय डायनॅमिक रेंज 'परफॉर्मन्स'. शेवटच्या पर्यायाने आकाशात थोडे पट्टे दिसतील, आकाशाकडे बघून कोणी मरत नाही.

मॉडेल आणि टेक्सचर डिटेल एफपीएसपेक्षा व्हिडिओ मेमरीचा प्रश्न आहे. ४ जीबीच्या कार्डावर मीडियम ठीक. हायवर नेलंत तर सरासरी तीच राहील, पण मेमरी भरली की टेक्सचर सिस्टिमच्या रॅममधून मागवावी लागतात, आणि नव्या भागात शिरताना झटका बसतो. ८ जीबीच्या सिंगल स्टिकवर तो झटका दुप्पट जाणवतो. टेक्सचर फिल्टरिंग ॲनायसो ४एक्स जवळपास फुकट पडतं. अंगभूत ग्राफिक्सवर ट्रायलिनिअर.

फिडेलिटीएफएक्स सुपर रिझोल्यूशन हे कमी रिझोल्यूशनवर काढून मोठं करून दाखवतं. अक्षरं आणि मिनीमॅप स्वच्छ राहतो, पण लांबचं सगळं तेलकट होतं. अंगभूत ग्राफिक्सवर दुसरा मार्गच नसेल तर 'क्वालिटी' वापरा, 'परफॉर्मन्स'वर जाऊ नका. एकदा चालू केलंत की मल्टिसॅम्पलिंग बंद करू नका, कारण कडा आधीच गुळगुळीत नसतील तर हे तंत्र त्या कडांचा खडबडीतपणाच मोठा करून दाखवतं.

लाँच ऑप्शन्सच्या लांबलचक ओळी, ज्यांत थ्रेड्स, हाय प्रायॉरिटी आणि डायरेक्टएक्स ९ची नावं असतात, त्या सीएसगोच्या, म्हणजे सीएस२च्या आधीच्या गेमच्या, काळातल्या आहेत. सीएस२ सप्टेंबर २०२३ मध्ये सोर्स २ इंजिनवर आला. त्यातल्या बऱ्याच ओळींना आता काही अर्थ उरलेला नाही, आणि काही उलट झटके वाढवतात. ती जागा रिकामी करा.

व्हॅलोरंट

मल्टिथ्रेडेड रेंडरिंग चालू आहे ना, एवढं आधी बघा; प्रोसेसरवर अडणाऱ्या गेममध्ये हा एक टिक बाकी सगळ्या सेटिंग्जपेक्षा जास्त देतो. मटेरियल, डिटेल आणि यूआय क्वालिटी लो. विनेट, ब्लूम, डिस्टॉर्शन बंद. इम्प्रूव्ह क्लॅरिटी बंद, तो जीपीयू खातो आणि चित्र फक्त जरा गडद करतो. इथल्या कास्ट शॅडोजमध्ये फक्त तुमच्या स्वतःच्या हाताबंदुकीच्या सावल्या असतात, शत्रूची माहिती काहीच नाही, त्यामुळे सीएस२च्या उलट इथे बिनधास्त बंद करा.

मघाची चाचणी इथे कामाला येते. प्रोसेसरवर अडलात असं निघालं असेल तर एमएसएए (मल्टिसॅम्पलिंग) ४एक्स आणि ॲनायसोट्रॉपिक ४एक्स लावा. जीपीयू तसाही रिकामा बसलेला आहे, त्यामुळे फ्रेम्स कमी होत नाहीत आणि हेव्हनच्या (साइटवरच्या उंच जागेच्या) कठड्यावरचं डोकं स्वच्छ दिसतं. सगळं लो करून एफपीएस वाढत नसताना धूसर चित्र सहन करण्यात शहाणपण नाही. टेक्सचरही मीडियमवर चालतील.

रिझोल्यूशन इथे फक्त अंगभूत ग्राफिक्सवाल्यांनी उतरवावं. सीएस२सारखी माणसं रुंद होतील म्हणून ४:३ लावत असाल तर ते विसरा, व्हॅलोरंट आडवा कोन १०३ अंशांवर बांधून ठेवतो.

मेनूत एफपीएस ६०वर आणि बॅकग्राउंडमध्ये ३०वर मर्यादित करा. एजंट (तुमचं पात्र) निवडताना कार्ड पूर्ण जोरात धावून तापतं आणि मॅच सुरू व्हायच्या आधीच लॅपटॉप घाम गाळायला लागतो.

कॅप, व्ही-सिंक आणि रिफ्लेक्स

रिफ्लेक्स 'ऑन'. तो एफपीएस वाढवत नाही. प्रोसेसरने जीपीयूपुढे लावलेली फ्रेम्सची रांग कमी करतो, त्यामुळे क्लिक आणि गोळी यांतलं अंतर घटतं. 'ऑन आणि बूस्ट' कार्डाची घड्याळगती सतत वर ठेवतो, डेस्कटॉपवर चालेल, लॅपटॉपवर त्याची उष्णता परवडत नाही.

स्क्रीनला जी-सिंक किंवा फ्रीसिंक (रिफ्रेश रेट फ्रेम्सशी जुळवून घेणारी सोय) नसेल तर व्ही-सिंक (फ्रेम्सना रिफ्रेश रेटशी बांधणारा पर्याय) बंद. त्याने चित्र फाटायचं थांबतं पण हाताला चिखलात चालल्यासारखं होतं. जी-सिंक असेल तर वेगळा मार्ग आहे: जी-सिंक चालू, व्ही-सिंक फक्त एनव्हिडियाच्या पॅनेलमधून चालू, गेममधला बंद, आणि रिफ्लेक्स ऑन. मग फ्रेम्स आपोआप रिफ्रेश रेटच्या थोड्या खाली बांधल्या जातात, १४४ हर्ट्झवर १३८च्या आसपास, १६५वर १५७. फाटणं नाही, चिखलही नाही.

कॅप लावायचा की नाही? लॅपटॉपवर हो. गेम ११० ते २००च्या मध्ये हेलकावे घेत असेल तर १४०वर बांधा. सरासरी उतरलेली दिसेल, पण जीपीयूला धुराच्या क्षणासाठी हात राखून ठेवता येतो आणि तापमानही पाचदहा अंशांनी खाली येऊ शकतं. डेस्कटॉपवर थंडावा भरपूर असेल तर कॅप सैल सोडायला हरकत नाही.

दुसऱ्या गेममध्ये फ्रेम जनरेशन दिसेल, आकडा दुप्पट करून दाखवणारं. मल्टिप्लेअरमध्ये ते नको. मधल्या फ्रेम्स बनावट असतात, तुमचा माऊस त्यांना हलवत नाही, आणि त्या बनवायला खरी फ्रेम थोडी रोखून धरावी लागते.

वीस मिनिटांनी पडणाऱ्या फ्रेम्स

पहिली मॅच छान, दुसरीत रखडायला लागलं, तर सेटिंग्ज उघडू नका, तापमान बघा. लॅपटॉपचे प्रोसेसर बहुधा ९५ ते १०० अंशांजवळ पोचले की स्वतःला वाचवायला गती कमी करतात. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे खोलीच ४० अंशांची असते, तेव्हा हे व्हायला वेळ लागत नाही. गादीवर किंवा उशीवर लॅपटॉप ठेवला की खालच्या जाळ्या बंद होतात. मागची बाजू दोन बोटं उचलून टेबलावर ठेवा, अगदी दोन वह्या घातल्या तरी चालतं.

धूळ काढताना झाकण उघडा आणि पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, मगच ब्लोअर मारा. मोकळं सोडलंत तर हवेच्या जोराने पंखा त्याच्या मर्यादेपेक्षा जास्त फिरून बेअरिंग जातं. हवा पातळ पत्र्यांच्या जाळीतून मारा. धुळीची नमद्यासारखी पट्टी पंखा आणि ती जाळी यांच्या मध्ये बसते आणि बाहेरून दिसतच नाही. दोनतीन वर्षं झाली असतील तर थर्मल पेस्टही वाळलेली असते.

जीपीयूवर अडणाऱ्या लॅपटॉपला आणखी एक उपाय लागू पडतो: पॉवर प्लॅनच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के. त्याने टर्बो बूस्ट बंद होतो, प्रोसेसर थंड राहतो आणि सामायिक हीटपाइपमधली जागा जीपीयूला मिळते. सीएस२च्या धुरात याचा फायदा दिसू शकतो, व्हॅलोरंटमध्ये मात्र एफपीएस सरळ खाली येतो. काही नव्या लॅपटॉपवर हा पर्याय दिसत नाही.

बूस्ट पॅकचा नाद

व्हिडिओखाली मिळणाऱ्या 'एफपीएस बूस्ट' झिप फाइल्स, रजिस्ट्रीचे जुगाड, हलकं केलेलं विंडोज, यांपासून लांब राहा. त्या बॅच फाइल्स ॲडमिन म्हणून चालवायला सांगतात आणि आत काय लिहिलंय ते कोणी वाचत नाही. व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड (चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर) विंडोज ११वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी मागतं. छाटलेल्या विंडोजवर किंवा बायोसमध्ये खुडबुड केल्यावर व्हॅन ९००१ किंवा ९००३ ही एरर आली तर पहिली टीपीएमबद्दल आहे आणि दुसरी सिक्युअर बूटबद्दल. दोन्ही बायोसमधून चालू करता येतात. विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर असेल तर सिक्युअर बूटसाठी ती आधी जीपीटीमध्ये बदलावी लागते, आणि त्याआधी बॅकअप घ्या.

सगळं करूनही ठरावीक अंतराने, दर काही सेकंदांनी एकसारखा झटका येत असेल तर मागे काहीतरी चालू आहे. आरजीबी लाइटचं सॉफ्टवेअर, क्लाउड सिंक, अँटिव्हायरसचं स्कॅन आणि प्रिंटरचा टिकून बसलेला प्रोग्रॅम, एकेक बंद करत ग्राफ बघा. फक्त ऑल्ट-टॅब करून परतल्यावर फ्रेम्स पडत असतील तर गेम फुलस्क्रीनमधून बाहेर पडलेला असतो. ऑल्ट आणि एंटर दोनदा दाबा. नवा ड्रायव्हर टाकल्यापासूनच बिघडलं असेल तर दोन मॅच थांबा, शेडर होऊ द्या, तरीही तसंच असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधून 'रोल बॅक' करा.